एका सेममध्ये जास्तीत जास्त किती क्रेडिट घेता येतात? शिवाजी विद्यापीठ आणि व्हीटीयू, दोन्हीकडचं हवंय

जांबोटी_नाका:

नमस्कार मंडळी. घरातली दोन मुलं दोन विद्यापीठांत शिकायलेत आणि दोघांच्या क्रेडिटचा हिशेब जुळेना झालाय.

बहीण निपाणीकडे बीएस्सी दुसऱ्या वर्षाला, शिवाजी विद्यापीठ. तिसऱ्या सेमला २२ क्रेडिट लागलीत. पहिल्या सेमचा ४ क्रेडिटचा एक विषय बॅक आहे. शिवाय तिला स्वयम् (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) वरचे दोन कोर्स करायचेत. म्हणजे सगळं धरून ३० च्या वर जातंय. चालतंय का? बॅकचे क्रेडिट या सेममध्ये धरतात का? आणि जास्त क्रेडिट घेऊन तीन वर्षांची डिग्री पाच सेममध्ये संपवता येते असं कोणीतरी सांगितलंय, ते खरं का?

चुलतभाऊ बेळगावात इंजिनिअरिंगला, व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात गेलाय. त्याला सेमला २० च्या आसपासच क्रेडिट दिसतात. त्याला जादा घेता येतात का?

बहिणीच्या कॉलेजात विचारलं तर एक म्हणतात २२, एक म्हणतात मर्यादाच नाही. नेमकं सांगा.

मुरगूड_रोड:

आधी बहिणीचं बघू.

शिवाजी विद्यापीठाला महाराष्ट्र शासनाचा २० एप्रिल २०२३ चा निर्णय लागतो. त्यात एका सेमला किमान २० आणि कमाल २२ क्रेडिट ठरवलीत. वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या डिग्रीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात १२० आणि १६० हेच आकडे आहेत, महाराष्ट्रानं वरची बाजू थोडी सैल ठेवलीय.

हे आकडे बेळगावातल्या मैत्रिणीच्या आकड्यांशी ताडून बघू नका. निपाणीत हा घोळ हमखास होतो. निपाणी कर्नाटकात. देवचंद कॉलेज गावाला लागून आहे, पण ते ज्या अर्जुननगरात आहे ते महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, म्हणून ते शिवाजी विद्यापीठाकडे. गावातलंच बागेवाडी कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. एकाच वडापमधून उतरलेल्या दोन पोरींचे क्रेडिटचे हिशेब दोन राज्यांचे. कर्नाटकानं तर २०२४-२५ पासून चार वर्षांची रचना सोडून परत तीन वर्षांची डिग्री आणलीय, त्यामुळे तिकडे एकाच कॉलेजात पुढच्यामागच्या बॅचचे तक्तेसुद्धा सारखे नाहीत. राणी चन्नम्माच्या मुलांनी यूयूसीएमएसमध्ये (कर्नाटकातल्या विद्यापीठांचं ऑनलाइन पोर्टल) आपल्या प्रवेशवर्षाची स्कीम उघडून बघावी, सीनियरचं मार्क्स कार्ड समोर ठेवून हिशेब करू नये.

आता २२ च्या आत काय हलवता येतं ते. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यवसाय कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), एईसी (भाषा-क्षमता), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), सीसी (सहशालेय उपक्रम) अशा कप्प्यांत क्रेडिट आधीच वाटलेले असतात. मुलीनं निवडायचं ते त्या त्या कप्प्याच्या आत. एका कप्प्यातले दोन कमी करून दुसऱ्यात दोन वाढवले तर एकूण बेरीज जुळते, पण डिग्री अडकते, कारण तपासणी कप्प्यागणिक होते. सगळ्यात जास्त चुका ओपन इलेक्टिव्हमध्ये होतात. तो आपल्या शाखेबाहेरचा असावा लागतो. सायन्सच्या मुली सोपा पडेल म्हणून सायन्सचाच विषय टाकतात, आणि ते उघडकीला येतं शेवटच्या वर्षी.

बॅकचं असं. विषयाची हजेरी आणि अंतर्गत गुण झालेत, फक्त परीक्षेत नापास, तर ते ४ क्रेडिट पहिल्या सेमच्याच खात्यावर उभे आहेत. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा, फी वेगळी भरायची, पास झाली की ते पहिल्या सेममध्ये जमा होतात. तिसऱ्या सेमच्या २२ मध्ये ते मिसळत नाहीत. हजेरी कमी पडून विषयच पुन्हा वर्गात बसून करायचा असेल तर गोष्ट निराळी. ती नव्यानं नोंदणी, आणि तिला मर्यादा लागते की नाही हे विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात बघायला लागतंय. कॉलेजात एक जण २२ म्हणाले आणि दुसरे मर्यादा नाही म्हणाले, तर बहुतेक एक नोंदणीबद्दल बोलत होते आणि दुसरे परीक्षेच्या फॉर्मबद्दल. बॅकचे पेपर किती द्यायचे याला क्रेडिटची मर्यादा नसते. तिथे अडवतो तो एटीकेटीचा नियम, म्हणजे किती विषय राहिले असताना पुढच्या वर्षात जाता येतं तो.

आता तास मोजा, कारण मूळ प्रश्न तासांचाच आहे. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेममध्ये १५ तास, आठवड्याला १. प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला २. समजा बीएस्सीच्या २२ मध्ये १४ थिअरीचे आणि ८ प्रॅक्टिकलचे आहेत. मग वर्ग आणि लॅब मिळून आठवड्याला १४ अधिक १६, म्हणजे ३० तास. घरचा अभ्यास, जर्नल, सबमिशन यात नाही. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा हे सगळं धरून एका क्रेडिटला ३० तास मोजतो. १५ आठवड्यांच्या सेममध्ये त्याचे आठवड्याला २ तास होतात. म्हणजे २२ क्रेडिटला ४४ तास, ३० क्रेडिटला ६०. बहीण रोज ये-जा करत असेल तर बसचा वेळ यावर वेगळा. पहाटेची गाडी धरून संध्याकाळी उशिरा घरी पोचणाऱ्या मुलीला ६० तास कुठून आणायचे, हा प्रश्न नियमाच्या आधी सोडवा.

तिसरं_गेट:

वर सगळं बरोबर आहे. स्वयम् चं मी सांगतो, कारण तिथेच बहिणीचा हिशेब चुकलाय.

स्वयम् चे कोर्स दोन प्रकारे घेता येतात, आणि फॉर्म भरायच्या आधी कुठला प्रकार ते ठरवायला पाहिजे. एक म्हणजे बदली. आपल्या सेममधला एखादा पेपर वर्गात न करता त्याच तोडीचा, तेवढ्याच क्रेडिटचा कोर्स स्वयम् वर करायचा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेममधल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत असे बदलता येतात. सेमला ८ कोर्स असतील तर ३. हे २२ च्या आतच राहतात, ओझं वाढत नाही. दुसरा प्रकार म्हणजे खरोखर जादा. तो मार्क्स कार्डावर येईल की नाही हे विद्यापीठावर आहे. बऱ्याच वेळा सर्टिफिकेट हातात राहतं आणि डिग्रीच्या बेरजेत त्याचा उपयोग शून्य.

त्यामुळे कोर्सला नाव घालायच्या आधी विभागप्रमुखांकडे अर्ज द्या. अर्जात कोर्सचं नाव, घेणारी संस्था, किती आठवडे, किती क्रेडिट आणि आपल्या कुठल्या पेपरऐवजी हवा तो कोड, एवढं लिहा. ‘स्वयम् कोर्स करण्याची परवानगी मिळावी’ एवढंच लिहिलं तर सही लगेच मिळते, पण नंतर तिचा काही फायदा नाही. पेपरचा कोड लिहिलेला असला की ती बदलीची मंजुरी धरली जाते. सही-शिक्क्याची पोच जपून ठेवा.

क्रेडिट जुळतात का तेही बघा. एनपीटीईएलचा (आयआयटींचे स्वयम् वरचे कोर्स) ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा २ चा, १२ आठवड्यांचा साधारण ३ चा. पेपर ४ क्रेडिटचा आणि कोर्स ३ चा असला तर उरलेला १ कुठून आणायचा याचं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि तो पेपर तसाच लोंबकळत राहतो.

एनपीटीईएलमध्ये पास होण्याचं गणित: असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०, दोन्ही वेगवेगळे मिळायला पाहिजेत. १२ आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्याला ६, ४ आठवड्यांच्याला ३. कोर्सला नाव घालणं फुकट असतं, पण परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी आणि शेवटची तारीखही वेगळी. सगळे व्हिडिओ बघून, सगळ्या असाइनमेंट भरून, परीक्षेचीच नोंदणी राहिली, असं दर सेमला होतं. आणखी एक अडचण वेळेची. ऑनलाइन परीक्षेचा निकाल पुष्कळदा आपल्या सेमच्या निकालानंतर येतो, तोवर गुणपत्रिकेवर ती जागा मोकळी किंवा नापास दिसते. पुढच्या प्रवेशासाठी मार्क्स कार्ड लगेच लागणार असेल तर शेवटच्या सेममध्ये बदलीचा कोर्स ठेवूच नका.

आणि एबीसी, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होतात ती क्रेडिट बँक. तिचा १२ आकडी आयडी डिजिलॉकरवरून निघतो आणि त्यात नाव येतं आधारवरचं. आपल्या भागात इथेच गाडी अडते. बऱ्याच मुलांचं आधार कन्नड लिखाणावरून झालेलं असतं. ज्ञानेश्वर हे नाव आधारवर इंग्रजीत जे-एन असं सुरू होतं, आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजात लिपिक डी-एन-वाय असं घालतात. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नुसतं आद्याक्षर. नाव जुळलं नाही की विद्यापीठानं चढवलेले क्रेडिट मुलाच्या खात्यात येत नाहीत. हे क्रेडिट विद्यापीठच चढवतं, विद्यार्थ्याला स्वतः चढवता येत नाही, म्हणून खात्यात काही दिसेना झालं तर एबीसीच्या साइटवर चकरा मारण्यापेक्षा परीक्षा विभागात जा. प्रवेशाच्या वेळीच पीयूसीचं (कर्नाटकातली बारावी) मार्क्स कार्ड, आधार आणि कॉलेजचा फॉर्म, तिन्हीवर एकच स्पेलिंग करून घ्या. आधार बदलायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम सुट्टीत करायचं.

जांबोटी_नाका:

लई उपयोग झाला, धन्यवाद. म्हणजे बॅकचे ४ वेगळे, आणि स्वयम् चे दोन कोर्स बदलीत घेतले तर आकडा २२ च राहतोय. पाच सेममध्ये संपवायचं राहिलं. आणि चुलतभावाचं कोणी सांगता का?

उद्यमबाग_जंक्शन:

व्हीटीयूचं सांगते.

२०२२ च्या स्कीममध्ये बीईला एकूण १६० क्रेडिट. आठ सेमची सरासरी २०, कुठे दोन-चार कमी, कुठे जास्त. डिप्लोमावरून आलेल्याचं पहिलं वर्ष नसतं, म्हणून त्याला सहा सेममध्ये १२०. सरासरी तीच राहते, म्हणून भावाला २० च्या आसपास दिसतात. संलग्न कॉलेजात स्कीममध्ये छापलेलं त्या सेमचं ताट जसंच्या तसं घ्यायला लागतं. पुढच्या सेमचा विषय आधी उचलता येत नाही. स्वायत्त कॉलेजांचं वेगळं आहे. तिथे कॉलेजची स्वतःची नियमपुस्तिका असते, तिच्यात सेमला किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे दिलेले असतात आणि कोर्स ड्रॉप करायच्या, विथड्रॉ करायच्या तारखा असतात. भाऊ कुठल्या प्रकारच्या कॉलेजात आहे ते आधी बघा. स्वायत्त असेल तर तारखा भिंतीवर लावून ठेवा. ड्रॉप केलेला कोर्स नोंदीतून जातो, तारीख उलटल्यावर सोडला तर त्याची खूण ग्रेड कार्डावर राहते.

जादा घ्यायचेत तर त्याला खरी वाट एकच, ऑनर्स किंवा मायनरची. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) आदर्श अभ्यासक्रमात मूळ १६० च्या वर १८ ते २० जादा क्रेडिट मिळवले तर डिग्रीला ती जोड मिळते. १८ क्रेडिट म्हणजे १२ आठवड्यांचे सहा कोर्स. सहा सेममध्ये वाटले तर सेमला एक. हे झेपण्यासारखं आहे. शेवटच्या वर्षात प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप अंगावर आल्यावर एकदम चार कोर्स घेणारे बहुतेक अर्ध्यात सोडतात. पात्रतेची अट आणि नोंदणी कधीपासून, हे त्याच्या स्कीमच्या परिपत्रकातून घ्या.

आता जे क्रेडिटमध्ये दिसत नाही पण डिग्री अडवतं ते. एआयसीटीईचे ॲक्टिव्हिटी पॉइंट नेहमीच्या मुलाला १००, डिप्लोमावाल्याला ७५. एनएसएस, शारीरिक शिक्षण, योग यांतला एक निवडायचा, त्याला शून्य क्रेडिट, पण पूर्ण करावाच लागतो. तक्त्यात शून्य बघून मुलं सोडून देतात आणि आठव्या सेमला धावाधाव होते. पॉइंटची फाईल दर वर्षी मेंटरकडून सही करून घ्यावी. ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं पत्र दोन वर्षांनी मागायला गेलं की देणारा माणूस बदललेला असतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीही सांगून ठेवते. कन्नडचा १ क्रेडिटचा विषय असतो, त्यात सांस्कृतिक कन्नड आणि बळके कन्नड असे दोन आहेत. कन्नड न शिकलेल्यांसाठी बळके. मराठी माध्यमातून आलेल्या मुलानं नोंदणीत कुठला कोड पडलाय ते स्वतः बघावं. वर्गात सगळ्यांचा एकच कोड टाकून मोकळं व्हायची पद्धत असते.

पासचं गणित: अंतर्गत ५० पैकी २०. सेमची थिअरी परीक्षा १०० ची, त्यात किमान ३५, मग ती ५० वर आणतात. आणि दोन्ही मिळून १०० पैकी ४०. म्हणजे अंतर्गत २० आणि परीक्षेत ३५ असं काठावर राहून पास होत नाही, बेरीज ४० ला पोचत नाही. हजेरी ८५ टक्के. जादा कोर्सच्या नादात हजेरी गेली तर परीक्षेलाच बसता येत नाही, आणि मग तो विषय पुन्हा नोंदवून पूर्ण वर्ग करायचा. त्याचे तास मात्र पुढच्या सेमच्या डोक्यावर बसतात.

मुरगूड_रोड:

आता पाच सेमचं. ज्यांनी सांगितलं ते हवेत बोलले नाहीत. यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत अशी सोय आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या सेमच्या शेवटी विद्यार्थी अर्ज करतो, संस्थेची समिती त्याची तयारी बघते, आणि मंजूर प्रवेशसंख्येच्या १० टक्क्यांपर्यंतच मुलांना हे देता येतं. तीन वर्षांची डिग्री जास्तीत जास्त एक सेम लवकर संपते. बहीण तिसऱ्या सेममध्ये आहे, म्हणजे अर्जाची वेळ गेलीय. शिवाय पहिल्या सेमचा विषय बॅक असताना समिती होकार देईल असं धरून चालू नये.

वेळेत असलेल्यांनीही हिशेब करून बघावा. १३२ क्रेडिट, पहिल्या सेमचे २२ झाले, राहिले ११०. चार सेममध्ये वाटले तर सेमला साडेसत्तावीस, आठवड्याला ५५ तास. दुसऱ्या सेमनंतर सुरू केलं तर ८८ क्रेडिट तीन सेममध्ये, सेमला २९ च्या वर, जवळपास ५९ तास. हे कागदावर. प्रत्यक्षात वरच्या सेमचे पेपर त्या मुलीसाठी कॉलेजनं त्याच सेमला चालवायला पाहिजेत आणि वेळापत्रकात दोन वर्गांचे तास एकमेकांवर यायला नकोत. लॅबची बॅच एकच असली की तिथेच सगळं थांबतं.

तिसरं_गेट:

यावर थोडं वेगळं म्हणायचंय. तासांच्या जोडीला ग्रेडचाही हिशेब धरा, तो जास्त काळ मागे लागतो. एसजीपीए म्हणजे प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज भागिले एकूण क्रेडिट. २२ क्रेडिटला सगळीकडे ८ पॉइंट असले तर १७६ भागिले २२, एसजीपीए ८. त्यात ४ क्रेडिटचा एक विषय गेला तर १४४ भागिले २२, म्हणजे ६.५५. २ क्रेडिटचा गेला असता तर ७.२७ वर थांबलं असतं. म्हणून अभ्यासाचा वेळ वाटताना पेपर अवघड की सोपा यापेक्षा तो किती क्रेडिटचा आहे ते आधी बघावं. सहा क्रेडिट जादा घेतले आणि सगळीकडे ८ चे ७ झाले तर २८ क्रेडिट करूनही एसजीपीए ७. एमएस्सीच्या प्रवेशाला हा आकडा बघतात, पाच सेममध्ये केलं म्हणून कोणी वाढवून देत नाही.

माझ्या मते बहिणीनं या सेमला स्वयम् चा एकच कोर्स बदलीत घ्यावा, दुसरा जानेवारीच्या सत्राला ढकलावा, आणि तो वेळ ४ क्रेडिटच्या बॅकला द्यावा.

जांबोटी_नाका:

पटलं. एकच शेवटचं. बहिणीला बीएस्सीबरोबर मुक्त विद्यापीठातून दुसरी डिग्री करायची म्हटली तर तिचे क्रेडिट या २२ मध्ये येतात का?

उद्यमबाग_जंक्शन:

नाही येत. यूजीसीनं एप्रिल २०२२ पासून एका वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिलीय. एक वर्गातला आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतो. दोन्ही वर्गातले असतील तर वेळा एकमेकांवर यायला नकोत. प्रत्येकाचं खातं वेगळं, मर्यादा वेगळी. दूरस्थ अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या यादीत त्या सत्रासाठी आहे का ते प्रवेशाच्या दिवशी बघा, यादी दर सत्राला बदलते. आणि दोन्हीकडच्या परीक्षांचे महिने शेजारी ठेवून बघा. एकाच दिवशी दोन हॉल तिकिटं आली तर कुठलंच विद्यापीठ दुसऱ्यासाठी पेपर पुढे ढकलत नाही.